पहिल्या टीच्या जागी एन

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या एका बोळात सौंदर्या बिरनाळे यांचं रबरी शिक्क्यांचं दुकान आहे. दुकान वडिलांनी, रुद्रय्यांनी सुरू केलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. गिऱ्हाईक चिठ्ठीवर जे लिहून देई ते अक्षर न अक्षर बघून ते उलटं कोरत. चिठ्ठीत चूक असली तर ती शिक्क्यातही उतरायची.

सौंदर्या बी.कॉम. झाल्या आणि दुकानात बसल्यावर चिठ्ठ्या दुरुस्त करू लागल्या. दूध संस्थांच्या चिठ्ठ्यांत एक अक्षर इकडचं तिकडं होऊन 'डेअरी'ची 'डायरी' झालेली असे. एका शाळेनं मुख्याध्यापकांच्या शिक्क्यासाठी 'प्रिन्सिपल'चं जे स्पेलिंग पाठवलं होतं, त्याचा अर्थ 'तत्त्व' होत होता. सौंदर्यांनी न विचारता ते नीट केलं. शाळेचा शिपाई दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला. सारख्या दिसणाऱ्या शब्दांच्या एक्केचाळीस जोड्या त्यांनी एका वहीत लिहून ठेवल्या आहेत. ज्या जोडीनं घात झाला असता, ती त्या वहीत नव्हती.

गेल्या जुलैत एका वकिलाच्या कार्यालयातून शिक्क्याची मागणी आली. शब्द एकच होता. सौंदर्यांनी तो वाचला आणि तिथल्या मोना नावाच्या टायपिस्टला फोन लावला.

"मोनाताई, स्पेलिंग चुकलंय तुमचं. दोन टी आल्यात. पहिल्या टीच्या जागी एन पाहिजे. व्हेंटेड."

"एन कशाला? व्हेटेडच हाय ते. कागद तपासून पास केला की व्हेटेड. व्हेंटेड म्हंजे कोंडलेली हवा बाहेर काढली. आमी काय कागदातली हवा काढतोय व्हय?"

मोना हसत होती. सौंदर्यांनी फोन ठेवला. हा शब्द त्या आयुष्यात दुसऱ्यांदा पाहत होत्या. पहिल्या वेळी त्यांनी फोन केला नव्हता.

त्यांनी मोबाइलवर जुनी मागणी शोधली. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या सुरक्षा विभागानं तीन आठवड्यांपूर्वी ती पाठवली होती. ठळक अक्षरात दोन टी. कारखाना म्हटल्यावर टाक्या आल्या, टाक्या म्हटल्यावर हवा आली, असा हिशेब करून त्यांनी एन घातला होता.

त्यांनी त्या विभागातल्या कारकुनाला, ऋतुराजला, फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला.

"काय ताई, आणखी एक शिक्का खपवताय व्हय?"

"तो शिक्का कशावर मारताय तुमी?"

"टाकी साफ करायच्या परवान्यावर. गाळप बंद हाय न्हवं, मळीच्या टाक्या धुवायला काढल्यात. हापिसात कागद तपासला की मारायचा. का वो?"

"आणि हवा काढली ते कुठं लिहिता?"

"ते मागनं. ब्लोअर लावून हवा काढायची, मीटरनं तपासायची, मग तिथला फिटर हातानं लिहितो, व्हेंटेड."

"ऋतुराज, शिक्क्यावर तेच लिहिलंय. माझ्याकडनं चुकलंय. बघा काढून."

ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला. मग कागदावर शिक्का मारल्याचा.

"आयला," ऋतुराज हळू म्हणाला. "आज सकाळी सहा नंबरच्या टाकीचा कागद दिलाय."

तो पळत सुटला. फोन हातात तसाच चालू राहिला. सौंदर्यांना खडीवरची पावलं ऐकू येत होती, मग पत्र्यावरची. दुकानात एक गिऱ्हाईक आलं. त्यांनी हातानंच त्याला थांबवलं. बंद टाकीत मळी कुजून वायू साठतो, माणूस शिडीवरच बेशुद्ध होऊन खाली पडतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो, हे त्यांनी बातम्यांत वाचलेलं होतं. पावलं संपत नव्हती.

"जोतीरामआण्णा! वर या!"

लांबून, घुमणाऱ्या आवाजात, टाक्या धुणाऱ्या टोळीचा मुकादम बोलला. "का रं? कागद हाय की. शिक्का बघितलाय मी."

"शिक्का चुकीचा हाय! वर या आदी!"

"चार पायऱ्या उतारलोय. बादली तर..."

वाक्य तिथंच राहिलं. बादली आपटत खाली गेली. त्यानंतर तिघाचौघांचा एकदम आरडाओरडा झाला. "धरा, धरा, बकुट धरा! आत कोण जाऊ नका!" सौंदर्या उभ्या होत्या. गिऱ्हाईकानं विचारलं, "पाणी देऊ का?" त्यांना ते समजलं नाही.

बऱ्याच वेळानं ऋतुराज फोनवर आला. जोतीराम वर होते. बगलेत धरून ओढून काढलं होतं, त्यांना उलटी झाली होती, पण बोलत होते.

"याच्या आदी किती कागदांवर मारला?" सौंदर्यांनी विचारलं.

"पाच."

"त्या पाच टाक्यांतली हवा काढली होती का?"

"बघाय पाहिजे," ऋतुराज म्हणाला. त्या टाक्या धुऊन झाल्या होत्या. माणसं आत जाऊन परत आली होती. दुपारी त्यानं कळवलं, की तीन टाक्यांना ब्लोअर लावला होता, दोन टाक्यांबद्दल कुणाला सांगता येत नव्हतं.

सौंदर्यांनी त्याच दिवशी दोन टी असलेला शिक्का केला. फोनवर एकेक अक्षर वाचून दाखवलं, ऋतुराजकडून परत वाचून घेतलं. मग त्यांनी जोतीरामना बोलवायला सांगितलं. नवा शिक्का कसा दिसेल आणि त्याचा अर्थ काय, ते त्या समजावू लागल्या.

"बाई, मला विंग्रजी न्हाय येत," जोतीराम म्हणाले. आवाज अजून बसलेला होता. "हवा काढल्याली असती तवा एक शबुद असतोय, तेवढा बघून बघून वळखीचा झालाय. आता नवा त्याच्यासारखाच दिसतोय म्हंता. मग मी वळखू कसा?"

सौंदर्यांनी ते कागदावर एकाखाली एक लिहून पाहिले. दोन्ही शब्द सहा अक्षरांचे होते. घामट हातात धरलेल्या कागदावर, पुसट शाईत, टी आणि एन.

"पाठवू नका त्यो," जोतीराम म्हणाले. "ब्लोअर माझ्यादेखत चालू करू दे. त्याबिगर मी पाय घालत न्हाय."

त्यांनी कुणाला तरी हाक मारली. मागं ब्लोअर सुरू झाला. फोनमध्ये दुसरं काही ऐकू येईनासं झालं, तरी सौंदर्यांनी तो कानाला धरून ठेवला.