चपलेतला निकाल

क्लासच्या मावशी पोरांना तोंडावरून नव्हे, चपलांवरून ओळखत. बासष्ट पोरं, बासष्ट जोड. टाच कोण घासतं, पट्टा कोणाचा तुटलाय, सगळं पाठ. झाडलोट करणाऱ्या बाईला एवढ्या चौकशा कशाला, असं सर म्हणत. म्हणोत बापडे.

दर सोमवारी चाचणीचा निकाल जिन्यातल्या फळ्यावर लावायचं काम मावशींचंच. पहिल्यापासून बासष्टाव्यापर्यंत, ठळक अक्षरांत. मग जिन्यात ही झुंबड. वरचे फिदीफिदी हसायचे, खालचे भिंतीकडेनं सटकायचे. हिरव्या पट्ट्यांच्या सँडलवाली कायम तळाशी. आधी तिचं डबा खाणं सुटलं, मग बोलणं. एका सोमवारी ती पहिल्या पायरीवरूनच मागे फिरली, तेव्हा मावशींनी तिचा हात धरला.

"घरी आत्या विचारते कितवी आलीस, शेजारचे विचारतात, इथं हा फळा," ती म्हणाली. "झोपच उडालीय, मावशी. मी क्लास सोडतेय."

"एक सोमवार थांब," मावशी म्हणाल्या. "मग खुशाल सोड."

पुढच्या सोमवारी फळा कोरा. मावशींनी नंबरांचा रकाना कापून केराच्या टोपलीत टाकला, उरलेल्या कागदाच्या बासष्ट पट्ट्या केल्या नि ज्याची त्याच्या चपलेत सरकवली. क्लास सुटला. पोरांनी आपापली पट्टी वाचली, खिशात घातली आणि निघाली.

"चौतीस," हिरव्या सँडलवाली हळूच म्हणाली. "मागच्या वेळी एकोणतीस होते. नंबर तोच असेल म्हणा."

"असेल. बघितलाय कोणी?"

ती चक्क हसली.

तेवढ्यात सर तणतणत आले. नेहमी पहिल्या येणाऱ्या मुलाच्या वडिलांचा, फळा कोरा का म्हणून, फोन येऊन गेला होता. "मावशी, निकाल आत्ताच्या आत्ता फळ्यावर लागला पाहिजे. नाहीतर दुसरीकडे काम बघा."

बोलता बोलता त्यांनी बुटात पाय घातला. आत काहीतरी चुरचुरलं. पट्टी निघाली, मावशींच्या गोलगोल अक्षरातली: 'सर. आठवड्यात आवाज चढला एकोणीस वेळा. कौतुक शून्य. पाच शिक्षकांत पाचवे.'

सरांचे कान लाल झाले. एक पाय बुटात, एक बाहेर, अशा अवस्थेत त्यांनी आधी जिना वर-खाली न्याहाळला आणि पट्टी मुठीत दाबली.

"कोणी पाहिलं नाही, सर," मावशी म्हणाल्या. "लावू फळ्यावर?"

सरांनी पट्टी खिशात घातली आणि ते उतरून गेले. पुढच्या सोमवारी त्यांनी मावशींच्या हाती निकाल दिला, त्यात नंबरांचा रकानाच नव्हता. वर कात्री ठेवलेली होती. मावशी पट्ट्या घेऊन चपलांपाशी गेल्या. हिरव्या पट्ट्यांचे सँडल आले होते.