कौसामावशीचा रविवार

कौसामावशी कुणालाही आधी नदीत बसवायची, मग तराफ्यावर. कपड्यांसकट, गळ्यापर्यंत. आमचे हेडसर कडक इस्त्रीच्या सफारीत आले, तर त्यांनाही तिनं सोडलं नाही. "सायेब, भीती एकदाची भिजवून टाका. मंग वल्हं धरा."

मावशी हिंगोलीची भोईण. साठी उलटलेली, पण आवाज असा की पलीकडच्या काठावरची म्हैस मान वर करायची. कयाधूत मासे धरण्यात तिचा जन्म गेला. नदीत कचरा पडतोय म्हणून आम्ही काही शिक्षकांनी आणि दुकानदारांनी दर रविवारी वल्हवायचा गट काढला, तेव्हा शिकवायला तीच आली. थर्माकोलच्या लाद्या पोत्यात शिवून तराफेही तिनंच करून दिले. "पाण्यात बसणारं माणूस पाण्यात घाण टाकत न्हाई," असं तिचं साधं गणित. मला मात्र पोहता येत नाही. लाईफ जॅकेट घालूनही मी तराफ्याची कड सोडायची नाही.

पहिल्या मोठ्या फेरीला आम्ही चार तराफे एकत्र बांधले आणि त्यावर बांबू रोवून उद्घाटनाला बोलावलेल्या पाहुण्यांच्या फोटोचा भलामोठा फ्लेक्स ताणला. पाहुणे म्हटलं की आम्हाला फ्लेक्सशिवाय चैन कुठं पडतं! मावशी ओरडली, "हे काहून बांधून राहिले? वारं धरंल ते!" कुणी ऐकलं नाही. मधोमध गेलो आणि वारा सुटला. फ्लेक्स टम्म फुगला, चारही तराफे आडवे होऊन बंधाऱ्याकडं सरकू लागले. बंधाऱ्यावरून पाणी कोसळत होतं. मी तर गळा काढला.

मावशी आपला तराफा वल्हवत आली. तिनं सुरीनं सटासट दोऱ्या कापल्या. पाहुण्यांचा फोटो पाण्यात पडला, आणि तशाही घाईत तिनं तो फ्लेक्स ओढून वर घेतला. "घाण न्हाई टाकायची," म्हणाली. पाहुणे काठावरून बघत होते, बिचारे!

"काठाला घ्या," सगळे ओरडू लागले. काठ जवळ येताच मीही उतरायला निघाले. मावशीनं माझं मनगट धरलं.

"बाई, आज उतरल्या तं पुन्हा न्हाई यायच्या तुमी. मंग शाळेतल्या लेकरांना कोण आणंल?"

तिनं माझ्या हातात वल्हं दिलं आणि माझ्याच तराफ्यावर मागं निवांत बसून राहिली. एक हात लावला नाही बाईनं! मी रडत रडत वल्हवलं, पण घाटाला लागलेच. स्वतःचा इतका अभिमान मला आयुष्यात कधी वाटला नव्हता.

मावशी आजारी पडली तेव्हा भेटायला गेले. ती म्हणाली, "रविवार आता तुमच्याकडं."

"मावशी, मला अजून पोहता येत नाही हो."

"बराबर हाय. भ्यालेल्या माणसाचं दुसऱ्याकडं ध्यान राहतंय."

आठवड्याभरात ती गेली. मी खूप रडले. गटातले म्हणाले, या रविवारी राहू द्या. मी म्हटलं, मुळीच नाही.

त्या रविवारी पहिल्या तराफ्यावर मी होते. मागच्या तराफ्यांवर माझ्या वर्गातल्या नऊ पोरी होत्या, आणि मी सारखी मागं वळून त्यांना मोजत होते.