भावाने सांभाळलेला कॉम्प्युटर

मी घरी बसून मराठी टायपिंगची कामं करते. शाळांच्या प्रश्नपत्रिका, सोसायट्यांच्या नोटिसा, लग्नपत्रिकांचा मजकूर, कधी एखाद्या निवृत्त माणसाने वहीत लिहून काढलेलं आयुष्य. संत तुकाराम नगरमधलं वडिलांचं दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत खिडकीशी टेबल आणि त्यावर बारा-तेरा वर्षांचा जुना कॉम्प्युटर. नवा घे, असं सगळेच सांगायचे. पण माझी बरीचशी कामं ज्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत, तो नव्या मशिनवर चालत नाही. आणि शिक्षक मंडळींना दरवर्षी मागच्या वर्षीचीच फाइल उघडून चार प्रश्न बदलून हवे असतात. म्हणून तोच चालवत होते.

गेल्या वर्षी मात्र तो फारच हळू झाला. सकाळी बटण दाबून मी कणीक मळायला जायची. पोळ्या करून आले तरी पडद्यावरचं गोल चक्र फिरतच असायचं. टाइप केलेला शब्द उमटायला इतका वेळ लागायचा की मी पुढचे दोन शब्द अंदाजाने टाइप करून थांबायची. एकदा एक मुख्याध्यापिका सातवीची प्रश्नपत्रिका न्यायला आल्या आणि अर्धा तास माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. पुढच्या परीक्षेला त्यांचं काम आलं नाही.

आधी हे सगळं माझा धाकटा भाऊ बघायचा. तो चाकणकडे महाळुंग्याच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, बायको-मुलीसह कुरुळीत राहतो. दर गुरुवारी कंपनीला सुट्टी. त्या दिवशी तो मोटरसायकलवरून इकडे यायचा. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. तिचा पलंग याच खोलीत, टेबलापासून हातभर अंतरावर. भाऊ आल्यावर "कशी आहेस आई?" एवढं विचारायचा आणि तिच्याकडे पाठ करून कॉम्प्युटरसमोर बसायचा. दोन-दोन, तीन-तीन तास. मी आईचं अंग पुसायची, कूस बदलायची, चमच्याने पेज भरवायची, आणि त्याची ती पाठ बघून आतल्या आत धुमसायची.

आई गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, जेवणं आटोपली. भाऊ खुर्च्या एकात एक रचत होता. रचता रचता मावशीला म्हणाला, की आईला वेळेत आणखी एखाद्या मोठ्या दवाखान्यात दाखवायला हवं होतं. मावशीशी बोलत होता, मला उद्देशून नव्हताच. पण दोन वर्षांचं साठलेलं माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"तू नको बोलूस. तू आईला बघायला येतच नव्हतास. तू कॉम्प्युटर बघायला यायचास."

त्याने उरलेल्या खुर्च्या रचल्या, भाड्याच्या टेम्पोत चढवल्या, आणि गेला. त्यानंतर दीड वर्ष तो आला नाही. मीही फोन केला नाही. भीमजयंतीला त्याच्या बायकोचा मेसेज आला, तेवढंच.

त्या दीड वर्षात घर फार मोठं झालं. पलंग मी एका संस्थेला देऊन टाकला आणि ती जागा तशीच मोकळी राहिली. तिथून चालताना मी अजूनही पलंगाला वळसा घालायची. काही दिवस असे जायचे की काम घेऊन येणाऱ्या माणसाशिवाय मी कोणाशीच बोललेली नसायची. टाइप केलेला मजकूर मोठ्याने वाचून तपासायची सवय मला तेव्हाच लागली. 'योग्य पर्याय निवडा' हे शब्द मी रिकाम्या खोलीत किती वेळा म्हटले असतील.

मुख्याध्यापिकांचं काम गेल्यावर मी ठरवलं, आपणच शिकायचं. मोबाइलवर व्हिडिओ लावायचे, वहीत लिहून घ्यायचं आणि एकेक करून बघायचं. आधी कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत पंख्यावर धुळीचा असा थर होता की बोटाने उचलून काढता आला. रंगाच्या मऊ ब्रशने तो साफ केला. मग डिस्क किती भरली आहे ते पाहिलं, तर जागा जवळपास उरलेलीच नव्हती. नको असलेल्या फाइली काढल्या, कचरापेटी रिकामी केली, न लागणारे प्रोग्राम काढून टाकले. फरक पडला, पण थोडासाच. पोळ्या होईपर्यंत आता निदान मशिन सुरू झालेलं असायचं.

पुढच्या व्हिडिओत सांगितलं होतं की कॉम्प्युटर सुरू होताना बरेच प्रोग्राम न विचारता आपोआप सुरू होतात आणि त्यामुळे तो अडखळतो. त्यांची यादी उघडायची आणि लागत नाहीत ते बंद करायचे. मी यादी उघडली. एक प्रिंटरचा होता, तो प्रिंटर केव्हाच मोडीत गेला होता. एक कसल्याशा गाण्यांचा. आणि एकाचं नाव मला ओळखीचं वाटेना. उघडून पाहिला तेव्हा लक्षात आलं. ज्याने लांब बसून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवता येतो, तसला तो प्रोग्राम. भावानेच घातला होता, मी कामात अडले तर कुरुळीहून बघता यावं म्हणून.

बंद करणार, तेवढ्यात त्यात एक नोंद दिसली. कोण, कधी आणि किती वेळ आत आलं याची. मी सहज खाली सरकत गेले आणि थांबले. आई गेल्यानंतरच्या तारखा होत्या. पुण्यानुमोदनानंतरच्याही. कॅलेंडर काढून ताडून पाहिलं. सगळे गुरुवार. कधी दहा मिनिटं, कधी वीस. पाच महिने चालू होतं आणि मग एकदम बंद.

पहिल्यांदा मला रागच आला. माझ्या घरात न विचारता कोणी येऊन जात होतं असं वाटलं. उठले, चहा ठेवला, तो न पिताच परत येऊन बसले. मग आठवलं, त्या पहिल्या महिन्यांत मशिन नीट चालत होतं. मला वाटायचं, आपण नीट वापरतोय म्हणून.

तो गुरुवार नव्हता, तरी मी फोन लावला. तो कंपनीत होता, मागे मशिनचा आवाज येत होता. "बोल ताई," एवढंच म्हणाला. मला दुसरं काही सुचेना. मी त्या प्रोग्रामचं नाव सांगितलं आणि विचारलं, हा काढू का, याने मशिन हळू होतं म्हणतात.

मग म्हणाला, "तू नोंदी बघितल्यास का?"

हो म्हटलं. तो सांगू लागला. फक्त साफसफाई करायचा. फाइलींची एक प्रत बाजूला ठेवायचा, तुझं कोणतंही काम उघडून वाचलं नाही म्हणाला. मग बंद का केलंस, असं मी विचारलं.

"एकदा तू समोर बसलेली होतीस. मला माहीत नव्हतं. मी माउस हलवला, तर तू तो परत ओढलास. दोन-तीनदा झालं तसं. मग तू एका कोऱ्या पानावर टाइप केलंस, माउस बिघडला वाटतं. कोणाला सांगत होतीस कोण जाणे. मला बरं नाही वाटलं गं."

मला ते आठवत होतं. माउसचा बाण आपोआप सरकत होता, आणि मी दुसऱ्या दिवशी पिंपरीच्या बाजारात जाऊन नवा माउस घेऊन आले होते. टाइप केलेलं मात्र अजिबात आठवत नव्हतं.

त्या गुरुवारी तो आला. केस कानाजवळ पांढरे झाले होते. पिशवीत नवी डिस्क होती, आवाज न करणारी, छोटी, विड्यांच्या बंडलाएवढी. शिवाय दुसऱ्या कुठल्या जुन्या मशिनमधली रॅम. त्याने सांगितलं की धूळ आणि फाइली काढल्यास ते ठीकच, पण खरं दुखणं जुन्या डिस्कचं आहे. तिच्यावरचं सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवू, म्हणजे तुझे फॉन्टही राहतील. वायर जोडली, काम सुरू केलं आणि म्हणाला, दोन तास लागतील.

दोन तास त्याच्या हातांना काहीच काम नव्हतं. तो स्क्रूड्रायव्हर या हातातून त्या हातात घेत राहिला. मी पोहे केले, त्याने खाल्ले. मुलीची दहावी, बायकोचं थायरॉइड, चाकण चौकातली वाहनांची रांग, सगळं बोलून झालं. मग मी म्हणाले, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं.

तो पडद्यावरच्या आकड्याकडे बघत होता. "खोटं नव्हतं ते," तो म्हणाला. "आईजवळ बसलं की काय बोलावं कळायचं नाही. ती नुसती बघत राहायची. मशिन उघडलं की निदान हात चालायचे. आणि खोलीत तर असायचो ना मी."

तिच्या डोळ्यांना तोंड देणं मलाही कधी कधी जड जायचं, आणि मी भांडी घासायला आत जायची. हे त्याला सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं.

जुनी डिस्क काढून त्याने नवी बसवली. बटण दाबल्यावर मी सवयीने उठायला लागले, तर त्याने हाताने बसायची खूण केली. मशिन सुरू झालंही होतं. जाताना त्याने विचारलं, तो लांबून बघायचा प्रोग्राम ठेवू की काढू. मी म्हणाले, काढ, काही अडलं तर तू ये. त्याने माझ्यासमोर तो काढून टाकला आणि म्हणाला, आता तीन-चार वर्षं तरी काही अडणार नाही.

आतापर्यंत तरी ते खरं निघालंय. मशिन झरझर चालतं. मुख्याध्यापिकांना मीच फोन केला, त्यांनी सहामाहीच्या पेपरांचं काम दिलं. पूर्वी ज्या कामाला दुपार जायची ते अकरालाच संपतं, आणि पुढे दिवस तसाच पडून असतो. भाऊ गेल्या काही महिन्यांत पुन्हा आलेला नाही. भांडण म्हणून नाही. कंपनीत गुरुवारीही ओव्हरटाइम सुरू झाला आहे, आणि इकडे दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही.

मागच्या आठवड्यात मी त्याला उगाचच फोन केला. काय झालं, मशिन अडलं का, असं त्याने लगेच विचारलं. नाही म्हटलं, सहज केला. तो क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, शिफ्ट सुटली की करतो. संध्याकाळी त्याचा फोन आला, आणि आम्ही दोघं काय बोलावं हे शोधत सहा-सात मिनिटं बोललो.