काचेची पतसंस्था

ओतूरच्या कॉलेजात बी.कॉम. झाले आणि तिथल्याच एका पतसंस्थेत कॅशियर म्हणून लागले. घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. शिकवणाऱ्या वडिलांचे आणि नोकरी करू देणाऱ्या सासूबाईंचे उपकार मी आजही मानते. त्या नव्या इमारतीचे मात्र मानत नाही.

जुनं ऑफिस धान्याच्या दुकानामागे भाड्याच्या दोन खोल्यांत होतं. मागच्या खोलीत आम्ही डबा खायचो. सोनं तारण ठेवायला आलेल्या बायका तिथेच पाठ फिरवून गळ्यातलं काढायच्या. मुलगा झाल्यावर सासूबाई दुपारी त्याला जीपने घेऊन यायच्या आणि मीही तिथेच त्याला पाजायचे.

मग अध्यक्षांना इमारत हवीशी झाली. पुण्याच्या डिझायनरने बाजाराच्या रस्त्याला सगळी काच लावली, आत एक भिंत ठेवली नाही. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, असं अध्यक्ष उद्घाटनाला म्हणाले. संडास सोडला तर दारं दोनच: एक तिजोरीच्या खोलीला, दुसरं अध्यक्षांच्या विश्रांतीच्या खोलीला. महिन्यातून एकदा मीटिंगला येणारा माणूस कशाने दमत असेल, ते मला कधी कळलं नाही.

मी तिजोरीच्या खोलीत पाजू लागले. तिथे हवा नव्हती, पण दार होतं. हे अध्यक्षांच्या कानावर गेलं. त्यांनी मला आणि सासूबाईंना बोलावून घेतलं.

“ताई, तिजोरीच्या खोलीत बाहेरच्या माणसाला मनाई हाये.”

“बाहेरचं माणूस कोन?” सासूबाई म्हणाल्या. “पाच महिन्यांचं हाय ते. घेऊन घेऊन काय घेईल, भाऊ?”

“नियम हाये, मावशी.”

“मंग तुमची खोली द्या. बंदच तर असती.”

“ती पावण्यांसाठी हाये.”

“ह्यो पावणाच की. लई येळ बसत बी न्हाई.”

शिपायाला हसू आवरेना. अध्यक्षांनी माझ्याकडची किल्ली मॅनेजरकडे द्यायला लावली. कॅशियर मी, आणि तिजोरीचं दार उघडायला दर वेळी दुसऱ्याला हाक मारायची.

घरी दुधाची बाटली आली. थोड्याच दिवसांत मुलगा मला तोंड लावीना. तारणवाल्या बायकाही येईनाशा झाल्या. भर बाजारात गळ्यातलं कोण काढून देणार? अध्यक्षांनी निदान केलं की आम्ही कर्मचारी हसून बोलत नाही.

दूध मात्र सांगितल्याबरोबर आटत नाही. दुपारी त्याच्या वेळेला पान्हा फुटायचा, पदर भिजायचा आणि काचेपलीकडे अख्खा बाजार. मी मोठं रजिस्टर छातीशी धरून उभी राहायचे. अशाच एका दुपारी अध्यक्ष कुठल्याशा पाहुण्यांना इमारत दाखवत आले.

“ताई, ते रजिस्टर ठेवा खाली. ऑफिस कसं मोकळं दिसलं पायजे.”

मी ठेवलं नाही.