बेसबॉलमध्ये बाबांचे गडी

खाणी बंद पडल्यावर बाबा आणि मी मोबाईलवर बेसबॉलचा खेळ खेळायचो. त्यात चेंडू आपण मारायचा नसतो. आपल्या गड्यांनी पुढच्या बेसकडे कधी धावायचं आणि कधी थांबायचं, एवढंच आधी ठरवून द्यायचं. बाबांनी गोव्यातल्या डिचोलीत उभा जन्म खनिजाचा ट्रक चालवलेला. खाणीवर जो आधी पोचेल त्याला जास्त खेपा. ते प्रत्येक गड्याला बेधडक पळवायचे आणि सगळे बाद व्हायचे. माझ्या अगदी डोक्यात जायचं ते.

"बाबा, एकाला तरी थांबवा की! थांबला तर टिकेल."

बाबांनी अंगणातल्या आपल्या ट्रककडे पाहिलं. खिडकीतून आत शिरलेली वेल स्टेअरिंगला गुंडाळली होती.

"थांबलेलो खंय टिकता?"