हौसाचं लुगडं नेसून धार काढली तेव्हा

हौसा गेली, त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही नवरा-बायको गोठ्यात भांडत होतो. घरचं भांडण न्हाय. सुलभाच्या पुस्तकातलं.

सुलभा आमची एकुलती एक. बी.कॉम. झालेली. पुढं एम.बी.ए. करायचं म्हणत होती, त्याची प्रवेश परीक्षा पुण्याला. त्यात एक भाग — क्रिटिकल रीझनिंग. म्हणजे कुणीतरी मुद्दा मांडतो, खाली पाच उत्तरं, आणि तो मुद्दा कुठं लंगडा हाय ते ओळखायचं. ऐंशी सालच्या आसपास आमच्या गंगावेशीत ह्याचा क्लास कुठला? मग पोरगी गोठ्यात दगडावर बसून प्रश्न इंग्रजीत वाचायची, मराठीत सांगायची. हौसा धार काढता काढता उत्तर द्यायची. मी रेडकू धरून उभा.

त्या दिवशीचा प्रश्न — एका शहरात मोठा दवाखाना झाला. बाकीच्या दवाखान्यांपेक्षा तिथं जास्त माणसं मेली. म्हणून तो दवाखाना वाईट. ह्यात चूक काय?

"चूक कसली? टाळं ठोका दवाखान्याला," मी म्हटलं.

"तुमच्या तोंडाला ठोका," हौसा म्हणाली. "अवो, मरायला टेकलेली मानसंच मोठ्या दवाखान्यात नेत्यात की!"

"आई, बरोबर!"

"आनि आबांचं?"

"आबांचं कधी बरोबर आलंय?"

दोघी हसल्या. हौसाचं माहेर कानडी मुलखातलं, निपाणीच्या पुढचं. हसायला लागल्या की मायलेकी कानडीत शिरायच्या. मला त्यातलं ओ की ठो कळायचं न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता हौसा चुलीपुढं कलंडली. रिक्षा येईपर्यंत संपलं होतं.

आता पुढचं सांगतो. भूत, करणी, अंगात येणं — मी कधीच मानलं न्हाय. अंगात आलेल्या बाईला मी तोंडावर विचारलेलं हाय, "आज चहा मिळाला न्हाय काय?" तसल्या माणसाचं हे लिहिणं हाय, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

हौसा गेली आणि चंद्रीनं, आमच्या म्हशीनं, पान्हा चोरला. तिला कायम हौसाचाच हात. मला थेंब देईना. रेडकू सोडलं, पेंडीचं आंबोण ठेवलं, गूळ चारला... काय न्हाय. कास दगडासारखी झाली. नुसती रेकायची. माझी थोरली बहीण आक्का पलीकडच्या गल्लीत राहायची. ती म्हणाली, "हौसाचं लुगडं नेसून बस. आमच्या सासरी असंच करत्यात. वासानं फसती म्हस."

नेसलो. मिशीवाला गडी, हिरवं लुगडं. सुलभा बघत होती, हसली न्हाय. चंद्रीनं लुगड्याला नाक लावलं, मोठा श्वास घेतला... आणि तोंड फिरवलं. जनावर फसलं न्हाय. मीच तिथं शेणात बसून रडलो.

वर आक्काचं चालूच. "वर्साच्या आत पोरीचं उरकायचं, न्हायतर तीन वर्सं थांबाय लागतंय. रविवारी मुरगूडचं पावनं बघायला येत्यात. मी सांगूनच टाकलंय."

"येऊ देत," सुलभा म्हणाली. "मी न्हाय जात परीक्षेला. आबांस्नी कोन बघनार?"

पुस्तक तिनं फळीवर टाकलं होतं. ते मला म्हशीपेक्षा जास्त लागलं. हौसानं देवाकडं दुसरं कायबी मागितलं न्हवतं — पोरगी शेणाच्या पाटीतनं सुटू दे, एवढंच.

त्या संध्याकाळी पुन्हा लुगडं नेसून म्हशीखाली बसलो. चंद्री थरथरत होती. मी म्हटलं, "सुले, वाच एखादा प्रश्न."

"आबा, नगो."

"म्हशीसाठी वाच. सवय हाय तिला."

वाचला. एसटीची गर्दी आणि तिकिटाचा दर, असलं कायतरी होतं. खरं सांगतो, मी ऐकतबी न्हवतो. चंद्रीच्या पोटाला कपाळ टेकून, हात सडांवर ठेवून नुसता बसलो होतो. पाचवं उत्तर वाचून झालं. इथं हौसा बोलायची. ती जागा आता रिकामी...

आणि चरवीत धार वाजली.

मागं पुस्तक पडल्याचा आवाज आला. वळून बघतो तर सुलभा भिंतीला टेकलेली, पांढरीफटक.

"आबा, काय बोललासा तुम्ही?"

"मी? मी कुठं बोललो?"

"कानडीत बोललासा. 'मूरनेदु' म्हनलासा... तिसरं. आनि मग 'होगवा' म्हनलासा." तिचं तोंड वाकडं झालं. "म्हंजे, जा बाई. आई मला असंच म्हनायची."

मागचं पान काढून बघितलं. तिसरंच बरोबर. तिला स्वतःला पहिलं वाटत होतं.

पोरगी हुशार. डोळे पुसून तिथंच 'हौसाच बोलली' हा माझा मुद्दा फोडायला बसली. प्रश्न वाचला आणि म्हस पान्हावली — सवय. कानडी — इतकी वर्षं कानावर पडलंय, डोक्यात राहिलं असंल. तिसरं — पाचातलं एक लागतंच कधीतरी. एकेक पटतं मला. पण हौसाच्या त्या जागी तिन्ही गोष्टी एकदम कशा आल्या? तिनं खाली पडलेलं पुस्तक उचललं आणि त्यावरचं शेण पुसलं. मला दुखतं ते वेगळंच. हौसा बोलली असंल, तर माझ्याच तोंडातनं बोलली... आणि तिचा आवाज मलाच तेवढा ऐकू आला न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढली आणि तसाच आक्काकडं निघालो. गल्लीतली माणसं थांबून बघायला लागली, तेव्हा कळलं, लुगडं अंगावरच हाय. परत फिरलो न्हाय.

आक्का दारात झाडत होती. "अरं बाबा, हे काय सोंग!"

"रविवारच्या पावन्यांस्नी येऊ नका म्हनून सांग. सुली परीक्षेला जानार."

"कुनाला इचारून?"

"तिच्या आईला."

आक्का कायतरी कडक बोलायला गेली. आणि केरसुणी टाकून पायरीवर बसली, माझ्या अंगावरचा पदर ओढला आणि तोंडाला लावून रडायला लागली. पदर तिला पोचावा म्हणून मी तसाच वाकून उभा राहिलो.