आधी नाव, मग गट

चाकणच्या कारखान्यातला जुना सर्व्हर मी सांभाळतो. कुणी फाइल उघडायला किंवा बदलायला गेलं, की तो आधी त्याच्या नावाची परवानगी बघतो. नावापुढे काहीच नसेल, तरच गटाची, म्हणजे त्याच्या खात्याची. नावापुढे मनाई असेल, तर विषय तिथंच संपला.

एकदा स्टोअरचे साहेब तणतणत आले. "अख्ख्या स्टोअरला स्टॉकचे आकडे बदलता येतात, मलाच का नाही राव?"

"साहेब, ते आकडे तपासून सही तुम्ही करता. म्हणून तुमच्या नावाला मनाई आहे."

"आणि तुला सगळं मोकळं?"

मी त्यांच्यासमोर माझ्या नावानं लॉगिन केलं आणि स्टॉकचा एक आकडा बदलायला गेलो. सर्व्हरनं मलाही साफ नकार दिला.

"तुला रे कुणी अडवलं?"

"मीच," मी ताठ मानेनं म्हणालो.